फणसाच्या खांबांना गिऱ्हाईक होतं, घराला नव्हतं

घरातल्या थोरल्या काकांच्या पुतण्यानं कौल उलटं करून माझ्यापुढे धरलं. खालच्या अंगाला उठावाची इंग्रजी अक्षरं, बासेल मिशनच्या कारखान्याचं नाव आणि शेवटी आकडा, १८६५.

"म्हणजे घर दीडशे वर्षांचं. बरोबर ना सर?"

बरोबर नव्हतं. १८६५ हे मंगळुरात तो कारखाना निघाला ते साल. पुढे कितीतरी वर्षं ते शिक्क्यात तसंच राहिलं, त्यामुळे कौलावरून घराचं वय काढायला गेलं की हमखास फसायला होतं. मी त्याला शिडीवरून माळ्यावर नेलं आणि बॅटरीच्या उजेडात वासे दाखवले. वाशांच्या पाठीवर खिळ्यांच्या भोकांच्या दोन ओळी होत्या. एक ओळ हल्लीच्या रिपांची, म्हणजे कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्यांची, मंगलोरी कौलाच्या मापानं दूर दूर. दुसरी जुनी, दाट, बुजत आलेली. म्हणजे या घरावर आधी कुंभारी नळे (कुंभाराची अर्धगोल कौलं) होते आणि मंगलोरी कौल नंतर चढलं. ज्याला आपण 'अस्सल जुनं कोकणी घर' म्हणतो त्याच्या डोक्यावर कारखान्यातला माल असतो, जहाजातून बंदरात उतरलेला. त्या काळच्या म्हाताऱ्यांनी त्यालाही नावं ठेवली असतील.

हे सगळं जानेवारी २०२१ मधलं. मी दापोली तालुक्यात बांधकामं घेतो. पोट चालतं ते स्लॅबच्या घरांवर, जुन्या घराची दुरुस्ती वर्षा-दोन वर्षांत एखादी येते. हे प्रकरण घरच्यांना विचारून लिहितो आहे. नावं आणि गाव गाळलं आहे. हर्णे ते केळशी या पट्ट्यातली, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरची एक वाडी, एवढं पुरे.

प्रसंग

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडच्या किनारी गावांत माड-पोफळीची आगरंच्या आगरं आडवी झाली. या घराच्या मागचा एक माड स्वयंपाकघरावर पडला आणि समुद्राकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूची, तीन-चारशे कौलं उडाली. सांगाडा मात्र उभा राहिला. कौलारू छपराचं हे एक बरं असतं. वारा आत शिरला की कौलं सुटतात, वाऱ्याला वाट मिळते आणि खालचं लाकूड वाचतं. पलीकडच्या घराचा पत्रा अँगलसकट उचलला गेला तो शेजारच्या पोफळीच्या बागेत सापडला.

पण वादळ आलं ते पावसाच्या तोंडावर आणि टाळेबंदीत. माणूस मिळेना, कौलं मिळेनात, वीज कित्येक दिवस नव्हती. थोरल्या काकांनी ताडपत्री आणली, ती जुलैत फाटली. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बराचसा त्या वर्षी माजघराच्या मातीच्या भिंतींवर पडला.

घरात राहतात फक्त थोरले काका आणि काकू, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मधले भाऊ डोंबिवलीला, धाकटे पुण्याला. पुतण्या धाकट्यांचा मुलगा, संगणकवाला. चुलत घराण्याकडे दक्षिणेच्या दोन खोल्या, त्यांना कुलूप. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आणि मागे वारसांची रांग. घर सगळ्यांचं होतं. त्यामुळे वीस वर्षांत कुणी एक वासा बदलला नव्हता.

ऑगस्टमध्ये एक लाकूडवाला टेम्पो घेऊन आला. हे लोक वादळानंतर गावोगाव फिरत होते. ओटीचे सहा फणसाचे खांब, मुख्य दाराची चौकट आणि झोपाळा पितळी कड्यांसकट, याचे त्यानं सव्वा लाख सांगितले. हॉटेलांत, शहरातल्या बंगल्यांत असल्या खांबांना मागणी आहे म्हणे. उरलेल्या घराचं काय, असं काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते पाडायचे तुम्हालाच पैसे पडतील."

मधले भाऊ तयार होते. खांब विकू, त्यात भर घालू आणि स्लॅबचं घर बांधू. पुतण्याला ते घर जसंच्या तसं हवं होतं, पुढेमागे पाहुण्यांना राहायला देण्यासाठी. काकांना वाद नको होता. काकूंचं मत कुणी विचारलं नव्हतं. ते मला नंतर, नको तेवढं, कळलं.

घर

पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) उतरलं की गडगा (दगडी कुंपण), गडग्यात बेडं (फाटक). आत खळं, म्हणजे अंगण, मधे तुळस. चार पायऱ्या चढून पडवी, मग ओटी, ओटीच्या आत माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी, तिथून न्हाणी आणि विहीर. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बऱ्या घराचा हा नकाशा आहे, त्यात नवल नाही. बाहेरच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या, दीड फूट जाडीच्या. आतल्या भिंती नुसत्या मातीच्या.

थांबून बघण्यासारखी जागा एकच, पागोळीची. छपराच्या कडा भिंतीपासून तीन फूट पुढे आणि इतक्या खाली की पडवीत शिरताना मला मान वाकवावी लागते. (मी पाच फूट सात इंच आहे, फार उंच नव्हे.) बाहेरचा माणूस म्हणतो, किती ठेंगणं, किती गोड. ते गोड नाही, ते छत्री धरणं आहे. तिरका पाऊस भिंतीला लागू नये म्हणून कड खाली ओढलेली. पागोळ्या जिथे पडतात तिथे जांभ्याच्या तुकड्यांची एक ओळ जमिनीत बसवलेली. शंभर पावसाळ्यांत त्या तुकड्यांना वाट्या पडल्या आहेत, कौलाच्या प्रत्येक पन्हळीखाली एक वाटी. त्या ओळीमुळे पाणी उडून जोत्याला लागत नाही आणि उताराला लागतं. उत्तरेच्या बाजूला कुणीतरी ती ओळ काढून तिथे सिमेंटचा कोबा केला होता. नेमकं त्याच बाजूचं जोतं हिरवं आणि ओलं.

छपराचं मोजमापही सांगतो, कारण ते पुढे लागेल. कडांसकट घराची लांबी ४८ फूट, रुंदी ४२. उतार धरून छपराचं क्षेत्र २,३०० चौरस फुटांच्या आसपास. शंभर चौरस फुटाला १४०-१५० मंगलोरी कौलं लागतात, म्हणजे सुमारे साडेतीन हजार कौलं. एक कौल अडीच किलोच्या आगेमागे. कोरडं असताना साडेआठ टन वजन फणसाच्या खांबांवर आणि किंजळीच्या वाशांवर बसलेलं, पावसात त्याहून जास्त.

भिंतीत काय चाललं होतं

वादळ हे निमित्त होतं. घर त्याच्या आधी पंचवीस वर्षं आजारी होतं, आणि आजार मायेनं आणलेला होता.

१९९६ साली मधल्या भावांनी पहिला मोठा बोनस मिळाल्यावर समुद्राकडची भिंत सिमेंटनं गिलावा करून दिली. तोवर ती चुन्याची होती, दर चार-पाच वर्षांनी पोपडे धरायची. सिमेंट कसं, एकदा केलं की बघायला नको. मी त्या भिंतीवर हातोडीनं टकटक करत गेलो. कमरेच्या खाली सगळीकडे पोकळ आवाज. एका ठिकाणी गिलावा उचकटला तर तो सबंध पापुद्र्यासारखा हातात आला, त्याच्या पाठीवर मिठाची पांढरी बुरशी. उघड्या पडलेल्या चिऱ्यात मी चार इंची खिळा नुसत्या हातानं दाबला, तो दोन इंच आत गेला. मग मागच्या भिंतीवर गेलो. तिला जन्मात गिलावा झाला नव्हता, शेवाळलेली, काळी. तिथे खिळ्याचं टोक वाकलं.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. वारा-ऊन लागलं की कडक होतो. पण तो सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढतो. चुन्याच्या किंवा उघड्या भिंतीतून ते पाणी वाळून निघून जातं. सिमेंटनं तोंड बंद केलं की आतच अडकतं, दगड आणि त्यातली माती सदा ओली राहते. त्यात समुद्राचा खार. मीठ आत स्फटिक होऊन फुगतं आणि दगडाचा भुगा करतं.

दुसरी भेट धाकट्यांची, माजघरात चकचकीत फरशी. जमिनीची ओल वर यायची बंद झाली म्हणून सगळे खूश झाले. ओल बंद झाली नव्हती, तिनं वाट बदलली आणि कडेच्या मातीच्या भिंतीत चढली. देवघराच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक सरळ ओली रेघ होती, कुणी आखल्यासारखी.

तिसरी गोष्ट कुणाची चूक म्हणायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. स्वयंपाकघरावरचे जुने वासे धुरानं काळेकुट्ट, हात लावला की काजळी येते. त्यांना एक भोक नाही. पण नव्वदच्या दशकात त्याच छपराचा एक भाग दुरुस्त करून नवे वासे घातले होते आणि त्याच सुमारास गॅस आला. त्या वाशांखाली जमिनीवर पिठासारखा बारीक भुसा. चूल होती तोवर धूर रोज छपरातून जात होता, लाकूड सुकं राहत होतं आणि किड्याला नको होत होतं. आता काकूंनी पुन्हा चुलीपुढे डोळे चोळावेत, असं कोण म्हणणार? मी तरी नाही.

आणि माकडं. शहरातल्या लोकांना हे गमतीचं वाटतं. पूर्वी वानरं रानात होती, आता सकाळ-संध्याकाळ छपरावरून पळतात. एका उडीला दोन कौलं सरकतात, फुटत नाहीत, नुसती सरकतात, आणि खालच्याला ते पावसापर्यंत कळत नाही. त्या फटीतून थेंब थेंब एकाच वाशावर पडत राहतो. आमच्याकडे लोकांनी कौलं काढून पत्रे घातले त्याचं पहिलं कारण मी माकडं धरतो, हौस नव्हे.

यादी

पुतण्यानं मला एक यादी पाठवली होती, घराचं काय काय राखायचं याची. शेणानं सारवलेली जमीन, ओटीवरचा झोपाळा, फणसाचे खांब, माजघरातलं काचेचं कौल आणि त्यातून पडणारा कवडसा, चुन्याच्या भिंती, खळ्यावरचा मांडव. यादी वाईट नव्हती. हीच घरं बघत मीही वाढलो, माजघरातल्या त्या कवडशात दुपारी धुळीचे कण बघत पडून राहण्याचं सुख मला सांगायला नको.

मी त्याला म्हटलं, प्रत्येक गोष्टीपुढे एका माणसाचं नाव लिही. ती गोष्ट दरवर्षी कोण करणार त्याचं.

दोन दिवसांनी यादी परत आली. सारवण: काकू. काचेचं कौल पुसणं: काका, खोडून 'गडी'. चुना लावणं: 'माणूस बघू'. मांडव: 'माणूस बघू'. खांबांना तेल: काकू. झोपाळ्याच्या कड्या चिंच लावून घासणं: काकू.

मी कागद घेऊन काकूंकडे गेलो. त्या मागच्या पडवीत आमसुलं वाळत घालत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, लग्न होऊन आले तेव्हापासून आठ-आठ दिवसांनी ही जमीन मी सारवली. फरशी आली त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. त्याला शेण हवं असेल तर त्यानं सारवावं. गोठ्यात गुरं तरी आहेत का आता? शेण आणणार कुठून, पुण्याहून?"

माझ्या मते या प्रकरणाचा सगळा उलगडा इथे होता. ओटी गार का, भिंत गुळगुळीत का, खळ्याला तो वास कशाचा, तर कुणीतरी दरसाल वैशाखात छपरावर चढत होतं, कुणीतरी आठवड्याला गुडघ्यावर बसत होतं. हात थांबले की तीच ओटी दहा वर्षांत ओली, अंधारी, घुशींनी पोखरलेली होते. घर राखायचं की पाडायचं, हा प्रश्नच घरच्यांनी उलटा धरला होता. आधी ठरायला हवं होतं की दरवर्षीचे किती हात आपल्याला परवडतात, आणि मग त्या हातांना झेपेल तेवढंच जुनं ठेवायचं.

स्लॅबबद्दल मधल्या भावांशी दोन संध्याकाळी बोललो. माझा धंदाच तो, त्यामुळे मी स्लॅबला नावं ठेवली की लोक हसतात. पण समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर खाऱ्या हवेत सळीला गंज लागतो, सळी फुगते, खालचं काँक्रीट पोपडे होऊन पडतं. वीस-पंचवीस वर्षांच्या स्लॅबखाली टेकू दिलेली घरं आमच्या पट्ट्यात कुणीही दाखवील. शिवाय स्लॅब गळते म्हणून तिच्यावर पत्र्याची शेड घालायची. कोकणात फिरताना मोजून बघा, किती स्लॅबांच्या डोक्यावर पुन्हा छप्पर आहे. मग पहिल्यांदाच उतरतं छप्पर काय वाईट होतं? मी नव्या घराचा अंदाज ३२ लाख दिला आणि दुरुस्तीचा ११ लाख ४० हजार. आकड्यांनी ते गप्प झाले, माझ्या युक्तिवादानं नव्हे.

चुलत घराण्यानं त्यांच्या दोन खोल्यांवरच्या छपराला होकार दिला, पैसे दिले नाहीत. छपराला वाटणी कळत नाही, एकीकडचं पाणी दुसरीकडे जातंच. तो भार तिघा भावांनी उचलला. त्यावरून गणपतीत बोलणं झालं म्हणतात.

काम, आणि माझी चूक

फेब्रुवारीत कौलं उतरवली. एकेक धुऊन, बोटाच्या पेरानं ठोकून. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते टाकायचं. जवळपास २,६०० परत वापरण्याजोगी निघाली. बाकी आजूबाजूच्या पाडलेल्या घरांतून मिळवली, कारण नव्या कौलांची खाच जुन्यात नीट बसत नाही. पाहिजेत तेवढी मिळाली हीसुद्धा वाईटच बातमी म्हणायची. १४ वासे बदलले, स्वयंपाकघराचा एक भाल, म्हणजे मोठी तुळई, बदलला. मागच्या पडवीवर फणसाच्या फांद्या येतात आणि माकडं तिथूनच उतरतात, म्हणून तेवढ्या भागात कौलांखाली पत्रा घातला. पुतण्या हळहळला. काकूंनी पत्र्याला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही केलंत?"

माजघरातली चकचकीत फरशी फोडली, पण सारवणाला परत गेलो नाही. दगडी लादी चुन्याच्या मालात बसवली, सांधे चुन्याचेच ठेवले, म्हणजे जमिनीला श्वास राहिला आणि काकूंच्या गुडघ्यांना विसावा. सारवण फक्त खळ्याला, पाऊस संपल्यावर वर्षातून एकदा चोपून, तुळशीच्या लग्नाआधी. त्याला तीन घरं पलीकडच्या गोठ्यातलं शेण पुरतं. पागोळीखालची जांभ्याची ओळ उत्तरेला पुन्हा बसवली. चुलीचं काही करता आलं नाही. किडीच्या वाशांना औषध मारलं, ते दर काही वर्षांनी मारावं लागेल.

भिंतीचं काम मात्र माझ्यामुळे बिघडलं. चुना कळणारा गवंडी शोधण्यात मार्च गेला. मिळाले ते सत्तरी उलटलेले, हातानं काम होत नाही, खुर्चीवर बसून दोन पोरांना सांगायचे. चुना हौदात मुरत ठेवला, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा चीक. ते म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे. दिवाळीनंतर कर. चुन्याला हवा खायला टायम लागतो." मला बिल काढायचं होतं, पुतण्याला फोटो. एप्रिलच्या मध्यावर गिलावा पुरा केला. चुना सिमेंटसारखा पाण्यानं धरत नाही, हवेतला वायू शोषून महिन्यांनी दगड होतो, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरतो.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. एका रात्रीत समुद्राकडचा खालचा तीन फूट गिलावा दह्यासारखा ओघळला. घाईनं पुन्हा लावला.

त्यावर दुसरी चूक. दर मिरगाच्या आधी त्या बाजूला काका माडाच्या झापांची झड बांधत असत, पागोळीपासून जमिनीपर्यंत. नव्या पांढऱ्या भिंतीपुढे ती वाळकी झापं मला आणि पुतण्याला दळभद्री वाटली. काकू दोनदा म्हणाल्या, "झड बांधा." मी म्हटलं, कड तीन फूट आहे, पुरेल. जुलैत, चिपळूण बुडालं त्या आठवड्यात, वारा समुद्राकडून आडवा पाऊस मारत होता. तिसऱ्या दिवशी देवघराच्या आतल्या भिंतीवर पाणी दिसलं. काका भर पावसात झापं शोधायला बाहेर पडले, घसरले, मनगट मोडलं. ते प्लास्टर सहा आठवडे होतं. गणपतीला त्यांनी डाव्या हातानं आरती केली. मला कुणी काही बोललं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर, म्हातारबुवांनी सांगितल्याप्रमाणे, तो भाग तिसऱ्यांदा केला, माझ्या खर्चानं. तो टिकला आहे. घरच्यांचे शेवटी १४ लाखांच्या थोडे वर गेले. माझा ११ लाख ४० हजारांचा अंदाज कौलं उतरवण्याआधीचा होता, इतक्या आधी जुन्या घराचा अंदाज द्यायचा नसतो.

सध्या

फणसाचे खांब ओटीवर आहेत. पाहुण्यांना घर देण्याचा बेत काकूंनी दोन खोल्यांवर आणून ठेवला, आणि तोही मे आणि दिवाळीपुरता. लोक येतात, झोपाळ्यावर फोटो काढतात. एका पाहुण्यांनी माजघरात अंधार आहे, मोठी खिडकी का पाडत नाही, असं विचारलं. काकू म्हणाल्या, "दुपारी तीन वाजता आत येऊन निजा, मग विचारा."

दरसालच्या हातांचं गणित असं बसलं आहे. वैशाखात दोन माणसं सहा दिवस, कौलं चाळायला, म्हणजे काढून, झाडून, फुटकी बदलून परत बसवायला. खळ्याला दोन बाया दोन दिवस. झडीला एक दिवस. चुना तीन वर्षांनी. या खर्चाचं वेगळं खातं आहे आणि तिघा भावांच्या घरांतून दर महिन्याला त्यात ठरावीक रक्कम पडते. माझ्या मते या दुरुस्तीतलं सगळ्यात पक्कं बांधकाम तेच. घराच्या उताऱ्यावर मात्र अजून आजोबाच आहेत.

कच्चा सांधा एकच. कौलं चाळणारा वरच्या वाडीतला माणूस चौसष्ट वर्षांचा आहे, अनवाणी चढतो, पाय नेमका रिपेवर टाकतो. त्याचे दोन्ही मुलगे मुंबईला. मी विचारलं, खाली न बघता रीप कळते कशी? म्हणाला, "सायेब, कौल पायाखाली बोलतं. बोललं का पाय उचलायचा." गेली दोन वर्षं पुतण्या मेमध्ये आठवडाभर सुट्टी काढून त्याच्याबरोबर वर चढतो. पहिल्या वर्षी त्याच्या पायाखाली एकोणीस कौलं गेली. त्याचं वजन ऐंशी किलो आहे, तोही एक मुद्दा.

स्वयंपाकघराच्या दारामागे, जिथे पूर्वी दुधाचा हिशेब लिहायचे, तिथे आता खडूनं दरसालची फुटकी कौलं मांडलेली असतात. यंदा ७३. त्यापुढे काकूंच्या अक्षरात फोड: माकडं ५१, नारळ ८, वारा १०, आणि शेवटी पुतण्याचं नाव, त्यापुढे ४.